चौदा वर्षांनी उडी

मंडळी, स्कायडायव्हिंग करणाऱ्या प्रत्येकाकडे एक लॉगबुक असतं. उडीचा नंबर, तारीख, ठिकाण, विमान कुठलं, किती फुटांवरून उडी मारली, किती सेकंद मोकळे पडलात, आणि शेवटी कोणाची तरी सही. माझ्या लॉगबुकात ८६ नंबरची उडी मे २०१० मधली आहे आणि ८७ नंबरची ऑक्टोबर २०२४ मधली. दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक. मधल्या त्या एका रेघेत एक मुलगी, तीन नोकऱ्या, वीस वर्षांचं होम लोन आणि अठरा किलो वजन मावलंय. लॉगबुकात त्यासाठी वेगळा रकाना नसतो. :)

परत आल्यापासून ऑफिसातली पोरं जेवणाच्या टेबलावर एकच प्रश्न विचारतात, "सर, भीती नाही वाटली?" वाटली की. पण खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात भीती ही सर्वात कमी इंटरेस्टिंग गोष्ट होती. जास्त इंटरेस्टिंग काय होतं, ते सांगण्यासाठी आजचा वीकांत खर्ची घालतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००७ मध्ये आपल्यातल्या अनेकांसारखा मीही ऑनसाइट गेलो. दक्षिण कॅलिफोर्निया. नवीन लग्न व्हायचं होतं, पगार डॉलरमध्ये, शनिवार-रविवार मोकळे. लॉस एंजेलिसपासून शंभरेक किलोमीटरवर पेरिस नावाचं गाव आहे, तिथे जगातल्या मोठ्या ड्रॉप झोनपैकी एक आहे. एका शनिवारी एका मित्राबरोबर तिथे गेलो आणि पुढची तीन वर्षं जात राहिलो. या गावाच्या नावाचा उच्चार तिकडचे लोक थेट 'पॅरिस' असाच करतात, त्यामुळे माझ्या आईने आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा हा दर शनिवारी पॅरिसला जातो. मी सुद्धा ते कधी दुरुस्त केलं नाही.

टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन मारतात ती, ती अनेकांनी मारलेली असते. त्याच्यापुढचा प्रकार म्हणजे एएफएफ. यात पहिल्याच उडीला तुमचं पॅराशूट तुमच्या पाठीवर असतं. दोन प्रशिक्षक दोन बाजूंनी धरून तुमच्याबरोबर पडतात, पण उघडायचं तुम्ही. असं करत करत २५ उड्या झाल्या, परीक्षा पास झालात, की अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनचं, म्हणजे यूएसपीएचं, 'ए' लायसन्स मिळतं. ५० ला 'बी', २०० ला 'सी', ५०० ला 'डी'. मी 'ए' वरच राहिलो. मे २०१० मध्ये घरात गोड बातमी कळली, आणि त्याच आठवड्यात मी माझं सगळं सामान एका नवीन शिकणाऱ्या मुलाला विकून टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात मुलगी झाली, पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला परत आलो. शिल्लक राहिला तो अल्टिमीटर, गॉगल, एक जंपसूट आणि लॉगबुक.

त्यानंतर चौदा वर्षं मी पार्ट्यांमध्ये "मी स्कायडायव्हर आहे" असं सांगत आलो. "होतो" असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

२०२४ मध्ये क्लायंटच्या एका कामासाठी तीन महिने परत दक्षिण कॅलिफोर्नियात जायचं ठरलं. अर्व्हाइनमध्ये ऑफिस. नकाशा उघडून पाहिला तर पेरिस ऐंशी किलोमीटरवर. इथून पुढे काय झालं असेल ते कळायला फार डोकं लागणार नाही.

बायकोशी बोललो. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अरे, तुला उडी हवीय की ते वय हवंय?"

च्यायला, याला उत्तर काय देणार? मी म्हटलं, बहुतेक दोन्ही. ती म्हणाली, "उडीचं बघ मग. वयाचं काही होण्यासारखं नाही." त्याच रात्री विम्याचे कागद काढून बारीक अक्षरं वाचली. अपघाती विम्याच्या रायडरमध्ये साहसी खेळ बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात, आमच्यातही होते. तरुण मित्रांनो, बंजी असो, पॅराग्लायडिंग असो, एकदा ते पान वाचून ठेवा. तिनेही वाचलं. मग आम्ही दोघांनी मिळून एक अट घातली: तिथला प्रशिक्षक जे सांगेल ते अंतिम. 'नाही' म्हणाला तर नाही. मी तिथे हुज्जत घालायची नाही.

आईला फोनवर सांगितलं. तिचा मुद्दा वेगळाच. "अरे, आपल्या पुण्याच्या शीतल महाजनने नऊवारी नेसून उडी मारली होती. तुला पँटमध्ये कसली भीती?" यावर काय बोलणार! शीतलताईंची गोष्ट आहेच तशी. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ मध्ये अंटार्क्टिका, २०११ मध्ये पद्मश्री, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये ती नऊवारीतली उडी. आईला मी एवढंच म्हटलं, "आई, त्यांनी मध्ये चौदा वर्षं सुट्टी नाही घेतली गं."

आणि मुद्दा तोच आहे.

या खेळात 'करंट' असा एक शब्द आहे. तुम्ही करंट आहात का, म्हणजे अलीकडे उडी मारली आहे का. लायसन्स असणं वेगळं आणि करंट असणं वेगळं. सभासदत्वाची फी भरत राहिलात तर लायसन्स आयुष्यभर तुमचं. पण 'ए' लायसन्सवाल्याने ६० दिवस उडी मारली नसेल तर यूएसपीएच्या मते त्याने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली परत सुरुवात करावी. 'बी'ला ९० दिवस. पाचशे उड्या मारलेल्या 'डी'वाल्यालाही सहा महिने. साठ दिवस! आपल्याकडे साठ दिवसांत एखादं रिलीज होत नाही. पहिल्यांदा शिकताना मला वाटलं होतं की हा ग्राहक परत परत यावा म्हणून काढलेला नियम असणार. आता तसं वाटत नाही. का ते पुढे सांगतो.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी सातला पेरिसला पोचलो. कॅफे होता तिथेच होता, पोहण्याचा तलाव होता, ट्विन ऑटर विमानांचा तोच तो आवाज होता. गाडीतून उतरलो आणि विमानाच्या इंधनाचा वास आला, तर एकदम सत्तावीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. हे वाटणं साधारण जंपसूटची चेन लावेपर्यंत टिकलं. चेन बेंबीच्या वर यायला तयार नव्हती.

मग पंधरा-वीस पानांचा करारनामा. 'यात तुम्ही मरू शकता' हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी शेजारी सही. सत्ताविसाव्या वर्षी मी हे सगळं अँटिव्हायरसच्या लायसन्ससारखं न वाचता सही करून दिलं होतं. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. मागच्या माणसाला थांबावं लागलं.

माझ्या वाट्याला आलेल्या प्रशिक्षक बाई साठीच्या पुढच्या. काही हजार उड्या झालेल्या. त्यांनी लॉगबुक चाळलं, शेवटची तारीख पाहिली, आणि विचारलं, "तुझं वजन तेव्हा किती होतं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. पण आकडेमोड बघा. स्कायडायव्हिंगमध्ये विंग लोडिंग नावाचा एक आकडा असतो: तुमचं सामानासकट वजन पौंडांत, भागिले पॅराशूटचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. हा आकडा जितका मोठा, तितकं पॅराशूट वेगवान आणि चिडकं. नवशिक्याने एकच्या आत राहावं असा साधारण दंडक. २०१० मध्ये मी ६८ किलो, म्हणजे १५० पौंड. सामानाचे पंचवीस धरून १७५. माझं पॅराशूट १९० चौरस फुटांचं. आकडा ०.९२. आता मी ८६ किलो, म्हणजे १९० पौंड. सामान धरून २१५. तेच पॅराशूट घेतलं असतं तर १.१३. म्हणजे 'माझं नेहमीचं पॅराशूट' नावाची गोष्ट आता अस्तित्वातच नव्हती. कापड तेच राहिलं असतं, पण जमीन जास्त वेगाने आली असती. बाईंनी भाड्याचं २३० चौरस फुटांचं काढून दिलं. २१५ भागिले २३०, ०.९३. आलो परत मूळ आकड्यावर. वजन कमी करण्यापेक्षा हे खूप सोपं निघालं.

चौदा वर्षांत नियमही थोडे हलले होते. 'सी' आणि 'डी'वाल्यांना पूर्वी २,००० फुटांपर्यंत पॅराशूट उघडायची मुभा होती, ती २०१३ मध्ये वर सरकवून २,५०० केली. मला लागू असलेली मर्यादा तीच जुनी, ३,००० फुटांची. उतरण्याच्या मैदानातली शिस्तही आता बरीच कडक. वेगात सूर मारून उतरणाऱ्यांची जागा वेगळी, माझ्यासारख्यांची वेगळी. कारण सरळ आहे. आजकालच्या अपघातांत नीट उघडलेल्या, चांगल्या पॅराशूटखाली उतरताना होणाऱ्या अपघातांचा वाटा मोठा आहे. एकूण चित्र मात्र पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय. २०२१ मध्ये अमेरिकेत ३५ लाखांहून जास्त उड्या झाल्या, आणि मृत्यू १०. सत्तरच्या दशकात, उड्या कितीतरी कमी होत असताना, दर वर्षी याच्या कितीतरी पट लोक जात.

मग बाई म्हणाल्या, "चल, पडण्याची आठवण किती आहे बघू." आणि मला टनेलमध्ये घेऊन गेल्या.

टनेल म्हणजे वाऱ्याचा उभा बोगदा. खालून ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वारा येतो आणि तुम्ही त्यावर तरंगता. पोटावर पडताना माणसाचा वेग साधारण एवढाच असतो. मी आत झुकलो, आणि अहो आश्चर्यम्! शरीराने आपणहून कमान केली. कंबर पुढे, हनुवटी वर, हात-पाय सैल. डावीकडे वळ, वळलो. उजवीकडे वळ, वळलो. दहा मिनिटं. दहा उड्यांमध्ये जेवढं मोकळं पडणं होतं, तेवढं साधारण त्यात झालं. बाहेर आलो तेव्हा मी हवेतच होतो म्हणा ना. चौदा वर्षं आणि काहीच विसरलो नाही! सायकल एकदा आली की आली, म्हणतात ते खरंच.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "छान. आता हार्नेस."

छताला एक हार्नेस टांगलेला असतो. त्यात तुम्हाला लटकवतात. वर एक चित्र धरतात: तुमचं पॅराशूट असं उघडलंय, सांग काय करशील. कधी चित्रात छान आयताकृती पॅराशूट असतं, कधी गोळा झालेलं फडकं, कधी मधून दोरी गेलेली, कधी काहीच नाही. मुख्य पॅराशूट वापरण्यासारखं नसेल तर आधी उजव्या बाजूचं हँडल, त्याने ते खांद्यांपासून सुटतं. मग डाव्या बाजूचं, त्याने रिझर्व्ह उघडतं. क्रम महत्त्वाचा, कारण मुख्य पॅराशूट लटकत असताना रिझर्व्ह सोडलं तर दोन्ही एकमेकांत गुंतू शकतात. हँडलकडे बघायचं, धरायचं, सोलायचं, ढकलायचं. अल्टिमीटरवर २,५०० यायच्या आत निर्णय झालेला पाहिजे.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आदल्या रात्री हॉटेलात आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. बाईंनी चित्र वर धरलं आणि घड्याळ लावलं.

सात सेकंद.

बरोबर केलं, क्रम बरोबर, हात बरोबर जागी. पण सात सेकंद. आधी चित्र काय आहे ते ओळखलं, मग त्याचं नाव आठवलं, मग त्या नावापुढची पायरी आठवली, मग हात हलला. आपण एखादी क्वेरी बिनइंडेक्सच्या टेबलवर चालवावी आणि ती पहिल्या ओळीपासून शोधत बसावी, तसं. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर गुणाकार करून दाखवला. पोटावर पडताना साडेपाच-सहा सेकंदांत हजार फूट जातात. वेग कमी झालाच नसेल तर २,५०० फुटांवरून जमीन चौदा सेकंदांवर आहे. त्यातले सात गेले. रिझर्व्ह उघडायलाही काही फूट लागतातच.

"मशीन आहे ना?" मी विचारलं. रिझर्व्ह आपोआप उघडणारं एक छोटं यंत्र आता जवळजवळ प्रत्येक पॅराशूटमध्ये असतं. १९९१ मध्ये एअरटेक नावाच्या जर्मन कंपनीने आणलेल्या सायप्रसने या खेळाचा चेहराच बदलला. तुम्ही साधारण ७५० फुटांवर सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तर ते रिझर्व्ह बांधणारा दोरा कापतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा तू जमिनीपासून चार सेकंदांवर असशील. ते तुझ्यासाठी नाहीये. तू बेशुद्ध असशील तर त्यासाठी आहे."

मग आम्ही सराव केला. चित्र, हँडल, हँडल. चित्र, हँडल, हँडल. पाच सेकंद. चार. साडेतीन. दुपारचे दोन वाजले, घामाने निथळत होतो. विसाव्या-बाविसाव्या वेळी तीनच्या आत आलो. मी आशेने बाहेर विमानाकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आज नाही. उद्या सकाळी परत ये. झोपून उठल्यावरही हात तसेच चालले तर विमान."

ऐंशी किलोमीटर गाडी चालवून आलेला, टनेलमध्ये वाहवा मिळालेला, चौदा वर्षं पार्ट्यांमध्ये स्कायडायव्हर असलेला माणूस. तोंडावर बरेच शब्द आले. पण घरी दिलेला शब्द होता. "ओके" म्हटलं आणि गाडीत जाऊन बसलो.

परतीच्या रस्त्यावर जे डोक्यात आलं, ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

सायकल विसरत नाही हे खरं आहे, पण ते एका प्रकारच्या कौशल्याबद्दल. तोल सांभाळणं, पोहणं, हवेत पडणं, ही सलग चालणारी, अंगात मुरणारी कौशल्यं वर्षानुवर्षं टिकतात. पायऱ्या-पायऱ्यांची, क्वचित लागणारी, घाईच्या क्षणी करायची कामं मात्र सरावाशिवाय फार लवकर उडून जातात. सीपीआरचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचा हातखंडा काही महिन्यांतच घसरतो, हे अनेकदा तपासून झालेलं आहे. म्हणून तर त्याची उजळणी परत परत घ्यावी लागते.

आता या दोन्हींची बेरीज करून बघा. जे टिकतं ते मजेचं. जे उडून जातं ते जीव वाचवणारं. आणि आत्मविश्वास येतो तो टिकलेल्यातून! टनेलमधून बाहेर आलो तेव्हा मला मनापासून वाटत होतं की मी तयार आहे, आणि त्या वाटण्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते वाटणं ज्या गोष्टीवर उभं होतं, तिचा पॅराशूट न उघडण्याशी काही संबंध नव्हता. बाईंनी टनेल आधी आणि हार्नेस नंतर का ठेवला, ते तेव्हा कळलं. आणि त्या साठ दिवसांच्या नियमाचं कोडंही. तो नियम तुम्हाला पडता येतं का हे विचारतच नाही.

आपल्या धंद्यात आपण हे ओळखून आहोत. बॅकअप घेतलेला असतो, पण तो रिस्टोअर करून पाहिलेला नसेल तर रात्री तीन वाजता तो बॅकअप आहे की नुसती फाइल, हे कोणाला माहीत? म्हणून तर दर तिमाहीला शनिवार घालवून ड्रिल करतो आणि त्याच्या नावाने बोटं मोडतो. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण जुन्या अनुभवाची वर्षं मोजतो.

रविवारी सकाळी हार्नेस. तीनच्या आत, पाचही वेळा. बाईंनी मान हलवली.

विमानात भीती वाटली, जी पहिल्या वेळी वाटली होती त्यापेक्षा वेगळी. तेव्हा काय होईल ते माहीत नव्हतं म्हणून वाटली होती. आता माहीत होतं म्हणून. शेजारी वीस-बावीस वर्षांची पोरं हातांवर टाळ्या देत होती, गाणी म्हणत होती. मी डोळे मिटून उजवं हँडल, डावं हँडल करत होतो. १२,५०० फुटांवर दार उघडलं. थंड हवा आली. बाईंनी नजरेनेच विचारलं, मी मान डोलावली, आणि आम्ही निघालो.

पहिली दोन-तीन सेकंदं गडबड, मग शरीराने कमान घेतली आणि सगळं शांत झालं. खाली तपकिरी डोंगर, दूरवर धुक्याची कड, समोर बाईंचा हसरा चेहरा. अल्टिमीटर पाहा, हँडलला हात लावून पाहा, परत अल्टिमीटर. पाऊण मिनिट म्हणजे किती मोठा काळ असतो, हे मी साफ विसरलो होतो. ५,५०० वर दोन्ही हात हलवून खूण केली, ५,००० वर ओढलं.

झटका बसला, मी वर पाहिलं. पॅराशूट उघडलं होतं, चौकोनी होतं, पण दोऱ्यांना दोन पीळ बसलेले. मी गोल फिरत होतो.

ही फार मोठी गोष्ट नाही. एवढ्या मोठ्या, शांत पॅराशूटला पीळ बसला तर दोऱ्या फाकवायच्या, पायांनी सायकल मारल्यासारखं करायचं, पीळ सुटतो. पण वेळेत सुटला नाही तर सोडून द्यायचं. माझी नजर आधी अल्टिमीटरकडे गेली. ४,४००. मग लाथा. मग परत अल्टिमीटर. ३,९०० ला पीळ सुटला, मी ब्रेक मोकळे केले आणि पॅराशूट सरळ उडायला लागलं.

ती जी नजर आधी अल्टिमीटरकडे गेली ना, ती २०१० च्या ८६ उड्यांची नव्हती. ती शनिवारच्या बावीस वेळांची होती. हे मला तिथे हवेत लटकत असतानाच लख्ख कळलं, आणि आदल्या दिवशी 'नाही' म्हणणाऱ्या बाईंबद्दल जे काही मनात आलं होतं ते सगळं मी तिथल्या तिथे परत घेतलं.

१,००० फुटांवर वाऱ्याबरोबर, ६०० वर आडवं, ३०० वर वाऱ्याच्या तोंडावर. ब्रेक दोन्ही खाली, आणि उभ्याने उतरलो. गुडघ्यांनी थोडी कुरकुर केली. बायकोला मेसेज केला: "उतरलो." तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. उत्तर दहा सेकंदांत आलं, म्हणजे जागीच होती. "बरं. आता झोपते."

तीन वीकांतांत एकूण सहा उड्या झाल्या. पीळ एकदाच बसला. लॉगबुक ९२ वर आहे. मग काम संपलं आणि परत आलो.

पुण्यात आल्यापासून साठ दिवस केव्हाच उलटून गेले. नियमाप्रमाणे मी परत अनकरंट. पुण्याजवळ कामशेतला पॅराग्लायडिंग आहे, पण तो अगदी वेगळा खेळ. हे मी नातेवाइकांना समजावून सांगणं आता सोडून दिलंय. वर्षातून एक आठवडा थायलंडला जाऊन, पहिला दिवस नुसत्या हार्नेसला द्यायचा, असा एक बेत आहे. बजेट गृहमंत्रालयाकडे मंजुरीसाठी गेलंय. तोपर्यंत कोणी विचारलं तर सांगतो, "पूर्वी करायचो, मध्ये परत सहा मारल्या, सध्या करंट नाही." वाक्य जरा लांब आहे आणि पार्टीत तितकं चालत नाही.

आमच्या चिरंजीवी मात्र वेगळ्याच हिशेबात आहेत. अमेरिकेत उडीला अठरा पूर्ण लागतात, हे तिने स्वतः शोधून काढलंय. तिला डिसेंबर २०२८ मध्ये अठरा होतील. परवा म्हणाली, "बाबा, तेव्हा तू माझ्याबरोबर येशील ना? की तू तेव्हा खूपच म्हातारा असशील?"

म्हटलं, बघू. आधी तुला हार्नेसमध्ये लटकवू, आणि शेजारी मला.

असो. फारच लांबलं. पुढच्या वीकांताला भेटू.